जागा सोडू नकोस

कोल्हापुरात राहून कुस्तीतलं काही कळत नाही म्हणणाऱ्या माणसाकडे लोक जसे संशयानं बघतात, तसेच झाशीत राहून हॉकीतलं कळत नाही म्हणणाऱ्याकडे बघतात. म्हणून मी तसं कधीच म्हणालो नाही. हॉकीतली माझी एकूण पात्रता एवढीच.

आमचं घराणं पेशव्यांच्या सुभेदारांमागोमाग इकडे आलं आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठी, दारात बुंदेली. बुंदेलीतही एक 'काय' आहे, आणि शेजारीण 'काय?' म्हणाली की ती 'काय' विचारते आहे की 'का' विचारते आहे, हे आम्हाला इतक्या पिढ्यांत उमगलेलं नाही. आम्ही दोन्हींची उत्तरं देऊन मोकळे होतो.

तसा मी एक सामना खेळलो आहे. आठवीत असताना शाळेच्या संघातला एक फुलबॅक गोवर निघाल्यामुळे कमी पडला. मास्तरांनी मला गोलाच्या पुढ्यात उभं केलं आणि म्हणाले, "यहीं खड़े रहना, हिलना मत." मी हललो नाही. त्या दिवशी चेंडू माझ्या डावीकडून चार वेळा आणि उजवीकडून तीन वेळा गेला. आम्ही 7-0 असे हरलो. पण मास्तरांची आज्ञा शेवटपर्यंत पाळणारा मुलगा त्या संघात मी एकटाच होतो. पुढे नोकरीतही मी हेच धोरण ठेवलं आणि त्याच खुर्चीवरून निवृत्त झालो.

आता संध्याकाळी मी सदर बाजारात असतो. हा छावणीकडचा बाजार. तिथं एका चहावाल्याच्या भट्टीशेजारी जो बाक आहे, त्याच्या डाव्या टोकाला माझी जागा. खरं म्हणजे हॉकी सीपरी बाजाराची. दद्दांचं, म्हणजे ध्यानचंदांचं घर तिकडे, हीरोज ग्राउंड तिकडे, त्याच मैदानावर त्यांची समाधी आणि टेकडीवरचा पुतळाही तिकडेच. सदर बाजाराच्या वाट्याला नुसत्या गप्पा आल्या. त्या मात्र आम्ही मन लावून करतो.

बाकावर रोज तेच विषय. 1932 साली लॉस एंजेलिसला भारतानं अमेरिकेवर 24 गोल चढवले, त्यातले 10 एकट्या रूपसिंगचे. 1936 साली बर्लिनला जर्मनीला 8-1 असं धुतलं. तुषार खांडेकर झाशीचा आणि 2012 च्या लंडन ऑलिंपिकला भारताकडून खेळला, हा मुद्दा मी दर आठवड्याला एकदा काढतो. मराठी आडनावामुळे त्याचं थोडं श्रेय आपोआप माझ्याकडे येतं, असा माझा समज आहे. बाकावर बाकी कोणाचा नाही.

हे असंच चाललं असतं. पण टोरांटोहून भाच्याचा फोन आला.

तिकडे बर्फावरची हॉकी. दर उन्हाळ्यात अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांचा 'ड्राफ्ट' होतो. संघ आळीपाळीनं एकेका पोराचं नाव घेतात आणि पोरं सुटाबुटात आईबापांशेजारी बसून आपलं नाव कधी येतंय याची वाट बघतात. पंगतीत जिलबी फिरते तसंच. शेवटच्या पानापर्यंत पोचेल याची खात्री नाही. भाचा म्हणाला, "मामा, यात सगळ्यात अवघड काम म्हणजे पुढे धावणारा बचावपटू ओळखणं. फॉरवर्डचे गोल मोजता येतात, गोलीनं अडवलेले फटके मोजता येतात. पण जो गोल वाचवायला ठेवलाय आणि गोल करायला पळतोय, त्याला गुण म्हणायचा की दोष?" मग त्यानं बॉबी ऑर नावाचा एक जण सांगितला. बचावपटू असून 1970 आणि 1975 अशी दोन वर्षं सबंध लीगमध्ये सर्वांत जास्त गुण त्याचे. दुसऱ्या कुठल्याही बचावपटूला हे जमलेलं नाही. आणि एक निकलास लिडस्ट्रॉम. 1989 च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव 53 वं आलं. त्याच्याआधी 52 पोरं उचलली गेली आणि मग हा गृहस्थ सात वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरला. "म्हणजे पोट भरायला हेच काम करणारी माणसंसुद्धा चुकतात, मामा."

यातलं शेवटचं वाक्य मी ऐकलं नाही. अवघड काम आहे एवढंच ऐकलं, आणि अवघड काम म्हटलं की मला ते दुसऱ्या दिवशी बाकावर सांगावंसं वाटतं.

सांगितलं. वर आपल्या हरमनप्रीतची जोड दिली. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सर्वांत जास्त, म्हणजे 10 गोल त्याचे आणि तो आहे बचावपटू. त्याच वर्षी ऑक्टोबरात हॉकी इंडिया लीगचा लिलाव झाला, तेव्हा सूरमा क्लबनं त्याच्यावर 78 लाख लावले. त्या लिलावातली सर्वांत मोठी बोली. "फुलबॅक," मी ग्लास खाली ठेवत म्हणालो, "हेरता आला पाहिजे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. बाकाच्या उजव्या टोकाला एक कोच बसले होते. छावणीमागच्या मैदानावर पोरांना शिकवतात. ते म्हणाले, "पंडितजी, मेरे पास ऐसा ही एक लड़का है."

सतरा वर्षांचा, उजवा फुलबॅक. चेंडू मिळाला की सुटतो तो थेट समोरच्या गोलापुढच्या 'डी'त. लिलाव वगैरे फार पुढची गोष्ट; आधी स्पोर्ट्स होस्टेल, मग राज्याचा संघ, मग ज्युनिअरचं शिबिर. पण पहिल्याच पायरीसाठी आठ दिवसांनी बाहेरून एक साहेब येणार होते. पोराला पाठवावं की त्याच्याऐवजी दुसऱ्या, शांत फुलबॅकला, हे कोचना ठरत नव्हतं. "आपण एकदा बघा. दोन ओळी लिहून द्या. आपली भाषा चांगली आहे."

भाषा! माझ्या हॉकीवर नव्हे, भाषेवर त्यांचा विश्वास होता. पण ते मला नंतर कळलं.

घरी सांगितलं तेव्हा ही म्हणाली, "गॅस बंद केलाय की नाही हे तुम्हाला तीनदा बघून कळत नाही. पोराचं पुढचं आयुष्य एकदा बघून कळणार?" मी उत्तर दिलं नाही. वही आखत होतो. आमच्या घराण्याला मुलगा बघण्याचा अनुभव दांडगा. तीन बहिणी आणि दोन आत्येबहिणींची लग्नं मी जुळवली आहेत. त्याच धर्तीवर रकाने पाडले: वेग, ताकद, चेंडूवर ताबा, शिस्त, घराणं. घराणं मग खोडलं. शेवटी 'पुढे गेला' आणि 'परत आला' असे दोन रकाने मोठे केले, कारण संख्या लिहिली की मत शास्त्रीय दिसतं. घडीची खुर्ची घेतली, छत्री घेतली आणि नातवाच्या खेळण्यांतून एक शिट्टी घेतली. शिट्टी कशाला, हे मलाच सांगता आलं नसतं. पण मैदानावर जाणत्या माणसाच्या गळ्यात ती असते, हे मी पाहिलं होतं.

मैदान मातीचं. चुन्याच्या रेघा अर्ध्या वाऱ्यानं नेलेल्या. पोरगा हडकुळा, एका पायात पिवळा मोजा, एका पायात निळा. स्टिकच्या मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली आणि तिचं टोक सुटून लोंबणारं. प्रत्येक वेळी खेळ थांबला की ते टोक तो दातांत धरून घट्ट करायचा. मी लिहिलं: 'साधनांची निगा नाही.'

पाचव्या मिनिटाला चेंडू त्याच्याकडे आला. त्यानं तो उजवीकडे ओढला, एकाला खांद्यानं चकवलं, दुसऱ्याच्या स्टिकवरून चेंडू अलगद उचलून पलीकडे टाकला आणि सुटला. लोंबणारी पट्टी मागे फडफडत होती. मी वहीत 'पुढे गेला: 1' लिहून वर बघेपर्यंत तो मध्यरेषेपलीकडे होता. तिसरा माणूस आडवा आला. त्याला मागे टाकून पोरानं चेंडू तिरका सारला, थेट गोलासमोर एकट्या उभ्या असलेल्या फॉरवर्डकडे. फॉरवर्डच्या पुढे फक्त गोलकीपर.

माझ्या अंगात आठवीतले मास्तर संचारले. मी खुर्चीवरून उठलो आणि जीव खाऊन शिट्टी मारली.

"ऑफसाइड!"

सगळे थांबले. फॉरवर्डनं मारलेला चेंडू जाळीत गेला, पण शिट्टी आधी झाली होती. बावीस पोरं आणि कोच माझ्याकडे बघत राहिले. मग कोणीतरी हसलं. एक दहा-बारा वर्षांचा पोरगा, जो चेंडू गोळा करायला उभा होता, मायेनं जवळ येऊन म्हणाला, "दादाजी, हॉकी में अब ऑफसाइड नहीं होता."

"कधीपासून?"

कोचनं मान खाली घालून सांगितलं. 1998 पासून. म्हणजे मैदानावरच्या एकाही पोराचा जन्म झालेला नव्हता तेव्हापासून.

त्यानंतर मी शिट्टी खिशात ठेवली; पण तोंड उघडंच होतं. पोरानं फ्री हिट दुसऱ्याला न देता स्वतःच चेंडू ढकलून पळायला सुरुवात केली, तेव्हा मी "अरे, हे काय!" असं ओरडलो. तेही 2009 पासून चालतं म्हणे. पंधरा मिनिटांनी सगळे पाणी प्यायला गेले, तेव्हा मी सामना संपला समजून खुर्चीची घडी केली. आता सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार भागांत होतो. खुर्ची पुन्हा उघडली. दररोज संध्याकाळी दोन तास मी ज्या खेळावर बोलत होतो, तो खेळ मला न कळवता कधीच दुसरीकडे राहायला गेला होता.

माणूस अशा वेळी गप्प बसतो किंवा जास्त कडक होतो. मी जास्त कडक झालो. हिशेब पूर्ण केला: पुढे गेला 11 वेळा, परत आला 4 वेळा. शिट्टीत वाया गेलेली ती धाव 'गोल नाही' या सदरात टाकली. खाली लिहिलं: 'मुलगा गुणी, पण घर उघडं टाकून जातो. फुलबॅकनं जागा धरून राहावं.' आणि एवढ्यावर न थांबता पोराला बोलावून घेतलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "बेटा, अपनी जगह मत छोड़ना."

पोरानं पट्टीचं टोक दातांतून सोडलं आणि "जी" म्हणाला. झाशीतली पोरं म्हाताऱ्या माणसाचं ऐकतात. हा एक गुण मी रकान्यात धरलाच नव्हता.

आठ दिवसांनी ते साहेब आले. शांत गृहस्थ, गळ्यात शिट्टी नाही, हातात वही नाही. मी शेजारी खुर्ची टाकली. सामना सुरू झाला आणि पोरगा उभा राहिला. नुसता उभा राहिला. चेंडू आला की थांबवायचा, जवळच्या माणसाला द्यायचा, पुन्हा जागेवर. एकदा समोर सगळं मैदान मोकळं पडलं होतं. तो दोन पावलं निघाला, माझ्याकडे बघितलं आणि परत फिरला. मी मान डोलावली. पन्नास वर्षांनी मला माझ्यासारखाच फुलबॅक दिसत होता.

मध्यंतरात साहेबांनी विचारलं, "पुढे जाणारा म्हणून सांगितलं होतं, तो हाच ना?"

"जायचा," मी अभिमानानं म्हणालो. "मी बंद केलं."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मी वही पुढे केली. त्यांनी अकरा आणि चार हे आकडे वाचले आणि विचारलं, "या अकरा वेळा तुमचा राइट हाफ कुठं होता?"

"राइट हाफ?"

"तो त्याच्या जागेवर येऊन उभा राहत होता का?"

मी राइट हाफ पाहिलाच नव्हता. त्या संघात राइट हाफ आहे, हे मला त्या क्षणी कळलं.

त्यांनी रागावून वगैरे सांगितलं नाही, दुकानदार गिऱ्हाइकाला कापडाचा पोत दाखवतो तसं सांगितलं. निघण्याआधी पोरगा मान वळवून मागे बघतो का? आपली जागा कोणी घेतली हे त्याला ठाऊक असतं का? चेंडू हातचा गेला की पहिली तीन पावलं कुठल्या दिशेला पडतात? परत आल्यावर समोरच्यावर झेप घेऊन आडवा होतो, की त्याला कडेच्या रेषेकडे रेटत नेतो? आणि अकरापैकी सात वेळा परत आला नाही, तेव्हा चेंडू होता कुठं? मी आठवून बघितलं. चेंडू समोरच्याच टोकाला होता. "मग तो परत येऊन काय करणार होता," ते म्हणाले, "दूध आणायला येणार होता?"

"फुलबॅकला एकट्याला बघताच येत नाही," जाता जाता ते बोलले. "जोडी बघावी लागते."

दुसऱ्या अर्ध्यात कोचनं पोराला खूण केली. पण आठ दिवसांत अंगात भिनलेला उपदेश एका खुणेनं उतरत नाही. एकदा गेला, चेंडू गमावला, जिवाच्या आकांतानं परत धावला. तेवढंच. साहेबांनी खिशातून चिटोरं काढून काहीतरी लिहिलं. कोचना म्हणाले, "पुन्हा बघू." आमच्याकडे मुलगा नापसंत असला की हेच शब्द वापरतात, म्हणून मला घाम फुटला.

संध्याकाळी बाकावर माझा खटला चालला. मी बचावाला किल्ला काढला. म्हटलं, झाशी कशासाठी ओळखली जाते? जागा न सोडण्यासाठी! राणीसाहेबांनी काय सांगितलं होतं?

चहावाला चहा गाळत होता. वर न बघता म्हणाला, "पर पंडितजी, रानी किले में बैठी थोड़े रहीं."

खरंच होतं. इंग्रज शहरात घुसल्यावर 4 एप्रिल 1858 च्या रात्री राणी किल्ल्यातून निघाली, काल्पीला गेली, तिथून ग्वाल्हेरपर्यंत धडकली. मी चाचरत म्हणालो, "मग मागे जागा कोणी धरली?"

"झलकारी ने," चहावाला म्हणाला आणि ग्लास माझ्यापुढे ठेवला.

बुंदेलखंडात ही कथा पोरासोरांना पाठ असते. राणीसारखीच दिसणारी झलकारीबाई राणीचा वेश करून इंग्रजांपुढे उभी राहिली आणि तेवढ्या वेळात राणी निसटली. मी जन्मभर ही कथा ऐकत आलो आणि दर वेळी फक्त निघून जाणारा घोडा बघत आलो.

मग एकेक आठवायला लागलं. 1933 चा बेटन कप. झाशी हीरोजनं कलकत्त्यात कस्टम्सला 1-0 असं हरवलं. ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं जिंकलेले दद्दा आपला सर्वोत्तम सामना म्हणून हाच सांगत. आणि तो एकुलता एक गोल त्यांचा नव्हे. पास त्यांचा, गोल इस्माईलचा. 1975 चा क्वालालंपूरचा विश्वचषक. अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल दद्दांच्या मुलाचा, अशोककुमारचा, हे बाकावर रोज निघतं. पण त्याआधी बरोबरीचा गोल करणारा सुरजितसिंग फुलबॅक होता, हे मीच शंभर वेळा सांगितलं असेन. माहिती सगळी होती. दोन माणसं एका वेळी बघायची सवय तेवढी नव्हती.

त्या रात्री मला गोडसे भटजी फार जवळचे वाटले. वरसईहून दक्षिणा मिळवायला निघालेला हा गरीब भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला आणि जीव मुठीत धरून घराकडे परतला. पण भटजींनी निदान जे डोळ्यांनी पाहिलं ते 'माझा प्रवास'मध्ये प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. मी जे पाहिलंच नाही ते रकाने आखून लिहिलं होतं.

हे सगळं घरी सांगितलं. ही म्हणाली, "तुम्ही रोज संध्याकाळी दोन तास सदर बाजारात असता. तेव्हा घरची जागा कोण धरतं?" पस्तीस वर्षांच्या संसारात मी स्वतःला फुलबॅक समजत होतो. मी चेंडू घेऊन पळणाऱ्यांतलाच निघालो, तोही एकदाही मान वळवून न बघणारा.

दोन महिन्यांनी ते साहेब पुन्हा येऊन गेले. तारीख सबंध बाजाराला ठाऊक होती. मला कोणी सांगितली नाही. त्या दिवशी पोरगा म्हणे मोकळा खेळला. राइट हाफलाही सोबत ताकीद दिलेली होती. दोघांनाही पुढच्या फेरीला बोलावलं आहे. शांत फुलबॅक राहिला. त्याच्याबद्दल मला वाईट वाटलं, कारण माझा खरा वारस तोच होता. पेढे घेऊन पोरगा घरी आला तेव्हा पाया पडला आणि म्हणाला, "दादाजी, आपने कहा था जगह मत छोड़ना. मैंने नहीं छोड़ी. उसको देके गया." स्टिकच्या मुठीवर नवीन पट्टी होती.

पुढे काय होईल? होस्टेल, राज्य, शिबिर, लिलाव. वाट लांब आहे आणि अंदाज सांगण्याचं काम मी सोडलं आहे. शिट्टी नातवाला परत दिली. बाकाची डाव्या टोकाची जागा मात्र कायम आहे, फक्त निघताना आता मी मागे वळून विचारतो, "येताना काही आणायचंय का?"

तुमच्या घरात किंवा गल्लीत जागा सोडून पुढे पळणारं एखादं पोरगं असेल, तर त्याला खुशाल पळू द्या. त्याच्या मागे कोण उभं राहतंय तेवढं बघा, आणि पेढे वाटाल तेव्हा त्यालाही द्या. काहीही करा, पण माझा सल्ला घ्यायला सदर बाजारात येऊ नका. मी देईन.